थर्टी-थर्टी आणि टोकदार गोळ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : रविवार पुरवणीतील जुन्या लिव्हर रायफलींवरचा लेख आणि त्यातली एक घातक सूचना

पत्र लांबलं आहे. जागा नसेल तर शेवटाकडून कापा. टोकदार गोळ्यांबद्दलचा मजकूर मात्र जसाच्या तसा छापा, एवढी विनंती.

गेल्या शनिवारी सकाळी इथल्या, म्हणजे पेन्सिल्व्हेनियातल्या, आमच्या मराठी मंडळातला एक मुलगा घरी आला. वय सव्वीस. शिकारीच्या परवान्यासाठी लागणारा प्रशिक्षणवर्ग नुकताच पास झालाय. त्याची बायको इथलीच, तिच्या वडिलांनी त्यांची जुनी विंचेस्टर ९४, म्हणजे चापाखालचा दांडा (लिव्हर) हलवून पुढचं काडतूस आत आणायची रायफल, जावयाला दिली आहे. एका हातात मोबाइलवर आपल्या पुरवणीतला लेख, दुसऱ्या हातात काडतुसांचे दोन डबे. “काकू, हे वाचलंत का? मी भरूनसुद्धा आणली.” डबा उघडून बघते तर चाळीसच्या चाळीस काडतुसं टोकदार. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

आपल्या लेखकाचं म्हणणं असं, की टोकदार गोळी हवा चांगली कापते, वेग राखते, तेव्हा जुन्या लिव्हर रायफलीत ती भरली तर पल्ला वाढतो. हवेबद्दलचं बरोबर आहे. पण विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६ मध्ये काडतुसं बॅरलखालच्या नळीत एकामागे एक असतात, मालगाडीच्या डब्यांसारखी. मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं, आणि त्या बुडाच्या मधोमध प्राइमर, म्हणजे टोला बसला की पेटणारी टिकली. बार काढला की रायफल मागे येते आणि नळीतली सगळी रांग हिसका खाते. नाक चपटं असेल तर तो हिसका बुडावर पसरतो. टोकदार असेल तर सगळा भार टिकलीवर, एका टाचणीएवढ्या जागी. दर वेळी उडेल असं नाही, शंभर वेळा काही होणारही नाही. पण जेव्हा उडेल तेव्हा ती नळी तुमच्या डाव्या तळहातावर टेकलेली असेल.

थर्टी-थर्टी हे या रायफलींचं नेहमीचं काडतूस. कारखान्यात भरलेलं असलं तर ते म्हणूनच चपट्या किंवा गोलसर नाकाचं येतं. घोळ होतो तो घरी काडतुसं भरणाऱ्यांचा. थर्टी-थर्टीच्या गोळीचा व्यास .३०८ इंच, आणि थर्टी-ऑट-सिक्ससारख्या लांब पल्ल्याच्या काडतुसांचाही तोच. दुकानात टोकदार गोळ्यांचा ढीग असतो, मापाला बसतात, आणि वर आपला लेख सांगतो की भरा. नळीत चालेल असं टोक हवंच असेल तर गेल्या वीसेक वर्षांत लवचीक, रबरासारख्या टोकाच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या घ्याव्यात. सॅव्हेज ९९ मध्ये काडतुसं फिरत्या चरकीत बसतात आणि विंचेस्टर १८९५ मध्ये पेटीत एकावर एक. त्या दोन रायफलींना टोकदार गोळी खुशाल चालते, कारण तिथे कुणाचं नाक कुणाच्या बुडाला लागत नाही. लेखकाने बहुधा सॅव्हेजबद्दलचं कुठेतरी वाचलं आणि सगळ्या लिव्हरवाल्यांना एकाच माळेत ओवलं.

त्या मुलाने रेंजवर चार बार काढले होते, पण सुदैवाने एकेक काडतूस हाताने घालून. उरलेली छत्तीस आम्ही दोघांनी माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून, गोळी काढायच्या खास हातोडीने ठोकून उघडली.

आता इतर चुका, थोडक्यात. ‘हेन्री रायफल’ म्हणून छापलेल्या चित्रातली रायफल हेन्री नाही. तिच्या उजव्या बाजूला काडतूस सरकवायचं झाकण स्पष्ट दिसतंय आणि बॅरलखाली लाकूडही आहे. १८६० च्या हेन्रीला या दोन्ही गोष्टी नव्हत्या. तिची नळी पुढच्या तोंडाकडून भरावी लागे, आणि बार काढून काढून बॅरल तापलं की डावा हात कुठे ठेवायचा हा प्रश्नच. ते झाकण आलं १८६६ च्या मॉडेलपासून. दुसरं, थर्टी-थर्टीमधला दुसरा ‘तीस’ हे काळ्या दारूचं वजन नाही. फॉर्टी-फाइव्ह-सेव्हन्टी या जुन्या काडतुसात सत्तर ग्रेन (दारू-गोळीच्या वजनाचं माप) काळी दारू असायची, हे खरं. पण थर्टी-थर्टी ही अमेरिकेत बिनधुराच्या दारूसाठी निघालेल्या पहिल्या शिकारी काडतुसांपैकी एक, आणि ते तीस ग्रेन बिनधुराच्या दारूचे. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याची १८९४ ची रायफल, म्हणजे हीच ९४, आली ती काळ्या दारूच्या दोन काडतुसांसाठी. तिसाचं काडतूस १८९५ मध्ये निघालं, कारण त्या दारूचा दाब सोसणारं बॅरल आधी हवं होतं. त्यासाठी विंचेस्टरवाल्यांनी निकेल घातलेलं पोलाद घेतलं आणि तसं बॅरलवर ठोकूनही ठेवलं. खास बिनधुराच्या दारूसाठी, असा शिक्का. मी आयुष्यभर पोलादाच्या कारखान्यात धातुशास्त्राचं काम केलं. दुकानातल्या मालावर मिश्रधातूचं नाव अभिमानाने कोरलेलं फारसं बघायला मिळत नाही, म्हणून तो शिक्का दिसला की मला अजूनही बरं वाटतं.

हे झालं चुकांचं. पण लेखाचा जो मूळ सूर आहे त्याबद्दलही बोलायचं आहे. लेखक म्हणतात की संग्राह्य झालेली रायफल काचेच्या कपाटात ठेवावी. जी माणसं तिला बर्फाचिखलात नेतात ती वारशाची नासाडी करतात. आणि दोन परिच्छेदांनंतर म्हणतात, न्यायचीच असेल तर तिच्यावर चांगली दुर्बीण बसवून न्यावी.

माझ्याकडची विंचेस्टर ९४ ही १९५१ सालची. आमच्या कारखान्यातल्या फोरमनने पहिल्या पगारांतून घेतलेली. मी तिथे लागले तेव्हा तो निवृत्तीला आला होता. मला ‘किड’ म्हणायचा. पोलाद कुठल्या तापमानाला आहे हे यंत्राआधी रंगावरून सांगायचा आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा. १९८९ च्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरअखेरचा इथला सण) सोमवारी तो मला पहिल्यांदा अ‍ॅलेगेनीच्या रानात घेऊन गेला. तेव्हा हरणाच्या शिकारीचा हंगाम सोमवारी उघडायचा, त्या दिवशी खेड्यांतल्या कितीतरी शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारवर आणला आहे. जुन्या लोकांना अजून ते रुचलेलं नाही.

२००४ मध्ये तो गेला आणि त्याच्या बायकोने रायफल मला दिली. तिच्या मधल्या लोखंडी भागाचं बूड, जिथे एका हाताने धरून चालताना बोटं वेढतात, तिथली निळसर झाक पार उडून पोलाद पांढरं झालं आहे. पन्नासेक हंगामांचं ते घासणं. दस्त्यावर एक खाच आहे, पिकअपच्या दारात आपटल्याची. बाजारात कुणी घ्यायला आलं तर या दोन्ही गोष्टींचे पैसे कमी करेल, पण फार नाही. जुन्या रायफली ओळखणारा माणूस वापराची झीज वाचू शकतो आणि ती खरी असेल तर माफ करतो. त्याला चालत नाही ते दुसरंच काहीतरी, आणि ते मी स्वतः करून बसले आहे.

माझ्याकडे एक सॅव्हेज ९९ सुद्धा होती, १९२० च्या दशकातली, .३०० सॅव्हेजची. एका लिलावात ९०० डॉलरला घेतली. लिव्हरवर केस हार्डनिंगचे ते सुंदर ढग होते, निळे, करडे, मधाच्या रंगाचे. हाडांच्या कोळशात पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की पृष्ठभागावर उमटतात ते. ही प्रक्रिया मी नव्या इंजिनिअरांना किती वर्षं शिकवली असेन. तर, रायफल थोडी अडखळायची म्हणून एका दुरुस्तीवाल्याकडे टाकली. नुसती साफ करून द्या म्हटलं. त्याने फार प्रेमाने, जास्तीचे पैसे न घेता, सगळी पॉलिशच्या चाकावर धरली आणि नव्याने ब्लूइंग केलं, म्हणजे पोलादाला निळी-काळी झाक चढवली. लिव्हरसकट! कोरलेली अक्षरं पुसट, कडा गोल, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे. आरशासारखी चमकत होती आणि मी दुकानात उभी राहून “थँक यू” म्हणाले. विकायला काढली तेव्हा ३५० डॉलर आले. शंभर वर्षांत रानात न गेलेली किंमत एका दुपारी चाकावर गेली. चूक त्याची कमी, माझी जास्त. चिठ्ठीवर ‘पॉलिश करू नये’ एवढे तीन शब्द लिहायला हवे होते.

म्हणून लेखकांच्या दुर्बिणीच्या सल्ल्यावर मी उडालेच. जुन्या ९४ मध्ये रिकामी पुंगळी वरून बाहेर पडते, तेव्हा मधोमध दुर्बीण बसतच नाही. ती बाजूला बसवायची तर पोलादात भोकं पाडायची. संग्राहकांच्या जगात एक भोक म्हणजे कायमचं भोक, ते बुजवता येतं पण लपवता येत नाही. तव्याला गंज चढला तर घासून काढता येतो असल्या हिशेबाने या वस्तूंकडे बघू नये. बर्फातून आलं की पुसायचं, थंडीतून थेट उबदार घरात न आणता गाडीतच पिशवीत तासभर ठेवायचं म्हणजे दव धरत नाही, आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. घट्ट ग्रीस नको, कडाक्याच्या थंडीत ते मेणासारखं होतं आणि घोडा, म्हणजे टिकलीवर टोला देणारा हातोडा, जोराने पडत नाही. बस्स, याहून जास्त काही करायचं नाही.

नेव्हाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये एक विंचेस्टर ७३ सापडली, जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली. १८८२ मध्ये बनलेली. कुणीतरी ठेवली आणि परत आलाच नाही. लाकडाला भेगा, पोलादावर गंज, दस्त्याचं टोक मातीत रुतलेलं. ती वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात नेली, तिथल्या रुग्णालयात तिचा एक्स-रे काढला, तर दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस निघालं. संग्रहालयवाल्यांनी काय केलं? लाकूड आणखी फुटू नये एवढी सोय. गंज ठेवला, भेगा ठेवल्या. कुणालाही तिला नवी करावीशी वाटली नाही. आता ती बघायला लोक येतात ते त्या भेगांसाठीच.

लेखकांचा आणखी एक आक्षेप, की या रायफली जनावरासाठी क्रूर आहेत, ताकद कमी म्हणून. याचं उत्तर मला जरा सावकाश द्यावं लागेल.

माझ्या रायफलीची पुढची माशी, म्हणजे नेमाचा मणी, साधारण एक षोडशांश इंच रुंद. डोळ्यापासून तो यार्डभराहून थोडा कमी अंतरावर येतो. साध्या त्रैराशिकाने, शंभर यार्डांवर हा मणी सहा-सात इंच झाकतो आणि दोनशेवर तेरा-चौदा. हरणाची जी जागा साधायची असते, हृदय-फुप्फुसांची, ती आठ ते दहा इंचांची. म्हणजे दोनशे यार्डांवर आपण जिथे मारणार ते आपल्याला दिसतच नाही, मण्याने झाकलेलं असतं. त्यात शंभर यार्डांवर नेम जुळवलेली १७० ग्रेनची चपटी गोळी दोनशेवर जवळजवळ वीतभर खाली येते. ताकदीचा प्रश्न त्यानंतर. जवळून त्या गोळीने हरीण जागच्या जागी किंवा पन्नास पावलांत पडतं, हे मी कितीदा पाहिलं आहे.

फोरमन गेल्यानंतरच्या वर्षीचा, २००५ चा हंगाम. सोबत कुणी नव्हतं. उजेड जाता जाता हेमलॉकच्या झाडांपलीकडच्या उघड्या पट्ट्यात एक नर आला. फोरमन बरोबर असता तर माझ्या कोपराला नुसता हात लावला असता, तेवढ्यात मला कळलं असतं. मी चाप ओढला. नर दचकला, वाकला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मोजलं तर १७० पावलं. रात्री चार तास टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत गेले. लॉरेलच्या झुडपांत एक थेंब दिसायचा, मग वीस फूट काही नाही, मग एका पानाच्या खालच्या बाजूला पुसट डाग. सकाळी परत गेले. नाही सापडला. त्या वर्षी पुन्हा रायफल उचलली नाही.

क्रूर ती रायफल होती का? तिने सांगितलं होतं की माझ्या मण्याखाली काय आहे ते तुला दिसत नाही. मी ऐकलं नाही. दुर्बिणीची नवी रायफल हातात असती तर कदाचित मी तीनशे यार्डांवर हाच गाढवपणा केला असता. त्यानंतर मी दर ऑगस्टमध्ये नऊ इंचांची कागदी ताटली टांगते आणि उभ्याने, आधाराशिवाय, पाच बार काढते. पाचही ताटलीत पडतील ते अंतर म्हणजे माझी त्या वर्षीची हद्द. पन्नाशीत ती नव्वद यार्ड होती. यंदा अडुसष्टाव्या वर्षी, चष्म्यातून मणी जरा धूसर दिसतो, तर सत्तर. गेल्या हंगामात ऐंशीच्या आसपास एक छान मादी दहा मिनिटं चरत होती. मी बघत बसले आणि माझ्याकडच्या मादीच्या परवान्याचा कागद खिशातच राहिला.

एक गोष्ट इथल्या नियमांची, लेखात नसलेली. पेन्सिल्व्हेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. प्रत्येक बारानंतर काडतूस हातानेच पुढे आणायचं. लिव्हरच्या रायफली इथल्या घराघरांत टिकल्या त्यामागे हेही एक कारण आहे, निव्वळ काउबॉयचं वेड नव्हे. आणि काचेच्या कपाटाबद्दल म्हणाल, तर ७० लाखांहून अधिक ९४ बनल्या. त्यातल्या १९६४ पूर्वीच्या, घडीव पोलादाच्या आणि भरीव पिनांच्या, संग्राहकांना हव्या असतात. त्यानंतर कारखान्याने खर्च वाचवायला पत्र्याचे ठोकून काढलेले भाग आणि असं पोलाद घातलं की त्याला नीट ब्लूइंगही चढेना. (१९६४ नंतरच्या रायफलीनेही हरीण तेवढंच पडतं, हे संग्राहक मोठ्याने म्हणत नाहीत.) ज्या ठरावीक, कोऱ्या, कारखान्याच्या कागदांनिशी सिद्ध झालेल्या रायफली आहेत त्या कपाटात जाव्यात, यात वादच नाही. फोरमनची रायफल त्यातली नाही.

त्या मुलाला मी आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती छापलीत तर बरं. जुन्या ९४ ला सेफ्टीचं बटण नाही, ते १९९२ पासून आलं. आहे ती अर्ध्या खाचेवर ठेवलेल्या घोड्याची सोय. वर ओढलेला घोडा बार न काढता अंगठ्याने हळूच खाली आणायचा असतो, तोही थिजलेल्या बोटांनी. त्यामुळे हे काम रिकाम्या रायफलीवर, हातमोजे घालून, घरी शंभर वेळा करावं आणि रानात दर वेळी बॅरलचं तोंड मातीकडे ठेवून करावं. गाडीत भरलेली रायफल ठेवणं इथे बेकायदा आहे, आणि ९४ रिकामी करायची म्हणजे लिव्हर मागेपुढे करत एकेक काडतूस बॅरलच्या मागच्या तोंडाशी नेऊन बाहेर काढायचं. दिवसाच्या शेवटी, दमलेलं असताना, अंधारात. अपघात व्हायचा तर इथे होतो.

यंदाचा रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडेल. आपला अंक इथेही फोनवर वाचला जातो आणि फक्त आमच्याच मंडळात तो लेख तिघांनी एकमेकांना पाठवला होता. टोकदार गोळ्यांबद्दलची दुरुस्ती त्या शनिवारच्या आधी, लेख जिथे आला त्याच पानावर यावी. हेन्रीचं चित्र नंतर दुरुस्त केलंत तरी चालेल.

त्या छत्तीस गोळ्या सध्या माझ्याकडे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आहेत. मुलाच्या एका मित्राकडे थर्टी-ऑट-सिक्स आहे, तो रविवारी येऊन घेऊन जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त धातुशास्त्रज्ञ आणि जुनी वाचक
पश्चिम पेन्सिल्व्हेनिया